दुर्बीण अडावी असं वाटणारा आकडा

मी एक जुना आकडा आहे. मित्रांनो, विहिरीतून बादली काढणारा नव्हे. ऑपरेशनच्या वेळी कापलेली पाठ ताणून उघडी धरणारा, पोलादी आणि दातेरी.

मणक्यात गाठ असली की पूर्वी माझ्याशिवाय पान हलत नसे. पाठीवर वीतभर काप, त्यात मी, मग डॉक्टरांची नजर. "याच्यासारखी पकड नाही," असं मोठे डॉक्टर म्हणायचे आणि मी फुगायचो. पुढे रोगी कुशीवर वळताना कण्हायचे, पण ते वॉर्डात. माझ्यापर्यंत आवाज येत नसे. सोयीचं बहिरेपण, दुसरं काय!

मग दुर्बीण आली. पेन्सिलीएवढी जाड, टोकाला दिवा. बोटाच्या पेराएवढ्या छिद्रातून आत शिरते आणि आतलं सगळं पडद्यावर दाखवते. सिस्टर तिला 'धाकटी' म्हणू लागल्या आणि मला 'थोरले'. थोरल्यांचा मान राहिला, काम गेलं. तरी प्रत्येक ऑपरेशनला मला वाफेतून काढून, कापडात गुंडाळून शेजारी ठेवतात. न जाणो, धाकटीचं अडलं तर पाठ मोठी कापावी लागेल.

परवा एक लेकुरवाळी बाई टेबलावर पालथी निजली होती. कमरेतल्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ. साधीच, कर्करोगाची नव्हे. पण पायातली ताकद पळवणारी. तेवढीच जागा बधिर केलेली, बाई जागी.

"डॉक्टर, काप लहानच ना? बाळाला सारखं कडेवर घ्यावं लागतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि बापाकडे ते किंचाळतं."

"बाळाला माणसांची पारख आहे," भूलवाले डॉक्टर म्हणाले. बाई हसली.

"हसवू नका हो, पाठ हलतेय!" मोठे डॉक्टर करवादले.

गाठ सोडवताना एक बारीक शीर फुटली. पडदा लालभडक झाला.

"काही दिसत नाही. सिस्टर, मोठा सेट उघडा."

कापड सुटलं. मी उजेडात आलो. मित्रांनो, सांगायला जीभ रेटत नाही, पण मला आनंद झाला. धाकटीची कशी जिरली! रक्त थांबू नये, असं मी मनोमन म्हणालो.

"मोठा सेट म्हणजे?" बाईनं विचारलं. "काप मोठा करावा लागेल," भूलवाले डॉक्टर म्हणाले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. लागेल तेवढं कापा. मी खाली बसेन, बाळ येईल रांगत."

आणि या पाठीसाठी मी दात विचकून तयार होतो! पोलादाला शरमेनं वितळता येत नाही, एवढंच.

"थांबा सिस्टर. पाण्याचा जोर वाढवा."

धाकटीतून पाण्याची धार सुटली. पडदा निवळला. फुटलेली शीर दिसली, चटका बसताच बंद झाली. थोड्या वेळानं गाठ छिद्रातून बाहेर आली.

"पायाचा अंगठा हलवा." हलला.

"उद्या उचलू बाळाला?"

"उद्या नाही हो! मी सांगेन तेव्हा. पण लवकर सांगेन."

उघडलेलं हत्यार वापरलं नाही तरी पुन्हा धुवावं लागतं. माझ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तरी सिस्टर माझ्या दातांत ब्रश घालून घासत होत्या. "थोरले, आजही राहूनच गेलं तुमचं," त्या म्हणाल्या, समजूत काढावी तशा. मला मान वर करवेना.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना जपा. गंज चढू देऊ नका, सांधे ढिले पडू देऊ नका. एखाद्या पाठीला कधी आमची खरंच गरज लागेल. फक्त आमची कीव करू नका. घासा. जोरानं घासा.