तीन खात्यांचं एक दार

मी कुलूप बोलतोय. अकोल्याच्या जुन्या शहराला लागून एक वस्ती आहे. तिथल्या नव्या सार्वजनिक शौचालयाच्या लोखंडी दाराला मी चौदा महिन्यांपासून लटकलो आहे. बोलावं की नाही, याचा फार विचार केला. कुलपाने तोंड मिटून राहावं, हेच योग्य असेल कदाचित. पण आता राहवत नाही.

जन्म माझा अलीगढचा. ठेकेदाराने मला आणलं ते आठ दिवसांपुरतं. आतल्या नव्या तोट्या चोरीला जाऊ नयेत, एवढंच माझं काम. वस्तीच्या ताब्यात दार गेलं की मी निघणार होतो.

पण नळाला पाणी नव्हतं. पाणी खातं म्हणालं, इमारत आरोग्य खात्याने ताब्यात घेतल्याशिवाय जोडणी देता येत नाही. आरोग्य खातं म्हणालं, पाणी नसलेली इमारत ताब्यात घेता येत नाही. बांधकाम खातं म्हणालं, आमचं काम झालं. तिघांचंही बोलणं नियमाला धरून होतं. हेच मला छळतं. दोष द्यायचा कुणाला?

वस्तीत माणिकबाई राहतात. सत्तरी उलटली आहे, डावा गुडघा वाकत नाही. आत एक कमोड बसवलं आहे, ते त्यांनी बांधकामाच्या वेळी पाहिलं होतं. नदीकाठच्या झुडपात त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यामुळे किडनी बिघडत चालली आहे, भरपूर पाणी प्या, असं डॉक्टरांनी बजावलं.

"प्याले सांगते तो डॉक्टर," त्या माझ्यासमोर बसून शेजारच्या दुर्गाबाईंना म्हणाल्या. "मंग जाचं कुठी, ते नाई सांगत."

"त्याच्याच घरी जाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् सांग, तुमीच पाठवलं म्हनून."

दोघी हसल्या. मला हसता आलं नाही.

माणिकबाईंचा मुलगा धर्मेंद्र पाणी खात्यात कंत्राटावर आहे. त्याने अर्जामागून अर्ज केले, तेव्हा समन्वय बैठक झाली. मी हरखलो. बैठकीत ठरलं की कोणत्याही एका खात्याने परस्पर दार उघडू नये. तिघांनी एकाच दिवशी यावं आणि पाहणी, ताबा, नळजोडणी एकदमच उरकावी. दुसऱ्याच दिवशी माझ्या शेजारी आणखी दोन कुलपं आली. एकेका खात्याकडे एकेक चावी; माझी ठेकेदाराकडून बांधकाम खात्याकडे गेली. समन्वयाचा असाही अर्थ निघतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तारीख मिळाली गेल्या सोमवारची. माणिकबाई सकाळपासून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दिवशी त्या तांब्याभर पाणी पिऊन आल्या होत्या. पाणी खात्याचे साहेब आले, आरोग्याचे आले. दोन्ही कुलपं निघाली. बांधकामच्या साहेबांची अमरावतीला बदली झालेली. माझी चावी त्यांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची चावी त्यांच्या खिशात.

"आजी, पुढच्या तारखेला बघू," एक साहेब म्हणाले.

"बघूनच राह्यली ना बापू, चौदा मह्यन्यांपासून."

दोन्ही कुलपं पुन्हा लागली. गाड्या गेल्या. धर्मेंद्रने पायरीजवळचा दगड उचलला आणि माझ्यावर उगारला. मी मनातून तयार होतो.

"ठेव तो," माणिकबाई म्हणाल्या. "सरकारी कुलूप आहे. तुई नोकरी गेली त मंग काय करशीन?"

त्याने दगड खाली ठेवला. माणिकबाई एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसरा पोटावर ठेवून नदीकडे निघाल्या.

चूक माझी आहे का? आतली एखादी स्प्रिंग सैल सोडता आली असती का? रात्रंदिवस हाच विचार करतो. मला घट्ट राहण्यासाठीच घडवलं, एवढंच उत्तर सुचतं, आणि ते पुरत नाही.

काल माणिकबाई आल्या नाहीत. दुर्गाबाईंकडून कळलं, त्यांना दवाखान्यात ठेवलं आहे. तिथे त्यांनी पहिल्यांदा पोटभर पाणी मागितलं, कारण वॉर्डाला लागूनच संडास आहे.

साहेब, तुमच्यापैकी कोणीही एकट्याने यावं. चावी सापडली नाही तर दगड इथेच पडला आहे. मात्र तो तुमच्या हाताने मारा, धर्मेंद्रच्या नको. माणिकबाई घरी परतण्याआधी मारा.