तीनदा नको

खुदादाद इराणी माझा मित्र, म्हणून हक्कानं सांगतो: इतका गोड आणि इतका मूर्ख माणूस सन अठ्ठावीसच्या अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता.

त्याचं हॉटेल स्टेशनाजवळ. मी गिरणीत कारकून. सकाळचा चहा तिथंच व्हायचा. गल्ल्याशेजारी एक पितळी सामोवार असे. म्हणजे आपल्या न्हाणीतल्या बंबाचं नाजूक भावंडच: मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, पुढं तोटी. तो त्याच्या बायकोच्या माहेरचा. इराणातलं यझद गाव सोडताना सरवरनं तो नवऱ्याबरोबर दिला होता, की मागून मी येतेच. त्याला सात वर्षं झाली होती. आता अखेर पुढच्या महिन्यात ती येणार, म्हणून स्वारी रोज सामोवार चिंचेनं घासत होती.

आणि नेमका तेव्हाच धुळाप्पा टपकला. सांगोल्याकडचा हा धनगर हॉटेलाला लोणी घालायचा. सामोवाराकडं बघत म्हणाला, "शेट, बंब लई झ्याक हाय की!"

खुदादादनं छातीवर हात ठेवला, मान लववली. "तुमचाच आहे. घेऊन जा."

त्यांच्या मुलखात ही रीत आहे. कुणी वस्तू वाखाणली की ती देऊ करायची. समोरच्यानं तीनदा नको म्हणायचं. वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांचा मान वाढतो. हे धुळाप्पाला कुणी सांगायचं? आपल्याकडं घेऊन जा म्हटलं की माणूस घेऊन जातो. त्यानं निखारे झाडले, पाणी ओतलं, पटक्याची चुंबळ केली आणि सामोवार डोक्यावर घेऊन चालू लागला. आमचे शेट छातीवर हात ठेवून तसेच उभे!

"अरे, थांबव त्याला!" मी ओरडलो.

"कसा थांबवू? मीच दिला ना."

"मग मी मागतो."

"तू मागितला, तर माझी इज्जत जाईल."

आता बोला!

महिन्यानं सरवर आली. उंच, सावध नजरेची बाई. आल्या आल्या पहिला प्रश्न सामोवाराचा. ह्यानं थाप मारली, की कल्हईला दिलाय. पंधरा दिवस कल्हई काही संपेना. "एवढ्यात रेल्वेच्या इंजिनाला कल्हई झाली असती," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याला झोप नव्हती. सात वर्षांनी आलेली बायको आपल्याला खोटारडा म्हणेल, ह्या भीतीनं बिचारा वाळत चालला होता.

अशात एका सकाळी धुळाप्पा आला, सामोवार डोक्यावर, मागं बायको केराबाई.

"शेट, मालकीन आल्याचं कळलं," केराबाई म्हणाली. "बंब त्यांना लागंल. आमच्या नातवाला सव्वा म्हैना ह्यातल्याच पान्यानं न्हाऊ घातलं. आता तुमी घ्या."

खुदादादचे डोळे लकाकले. मी मनात म्हटलं, सुटलास लेका. पण जिभेची सवय! "नको, नको! तुमच्याच घरी शोभतो."

हा पहिला नको. दुसऱ्या आग्रहाची वाट बघत तो हसतमुख उभा. धुळाप्पानं बायकोकडं पाहिलं. "शेट न्हाय म्हनत्यात. चल गं." आणि सामोवार पुन्हा डोक्यावर चढू लागला.

तेवढ्यात आतून सरवर आली. तिनं दोन्ही हातांनी सामोवाराचे कान धरले आणि मान जोरानं होकारार्थी हलवली. धुळाप्पानं मुकाट सोडला. खुदादाद कानापर्यंत लाल! आपल्या भाषेत पुटपुटत तो तिच्यावर रागावला. तिनं सामोवार न सोडता भलंमोठं उत्तर दिलं, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

तो कोरडंच टेबल पुसू लागला.

"मी म्हटलं, एकदा तरी नको म्हणायचं. ती म्हणते, तू पत्रात ये लिहिलंस, मी रीतीनं लिहिलं, तुला त्रास नको. तू पुन्हा लिहिलंस, मी पुन्हा नको. आपल्या तीन नकोंत सात वर्षं गेली. आता मी पहिल्याच वेळी हो म्हणणार."

गेली कित्येक वर्षं मी ह्या माणसाची थट्टा करत आलोय. त्या सकाळी मात्र मी उठून सामोवारासाठी चुलीतले निखारे घेऊन आलो.