अंगठ्याजवळचा खळगा

सुंदरबाईंच्या हातून मांडा निसटला तो भटू आबांच्या घरच्या लग्नात, सकाळी दहाच्या सुमारास. खापरावर पडायचा तो अर्धा चुलीत गेला आणि जळक्या पुरणाचा वास मांडवभर पसरला.

पाचोऱ्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांच्यासारखे मांडे कोणी करत नव्हतं. पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर टाकत त्या इतका वाढवायच्या, की शेवटी तो मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर पसरायचा. मग एका झटक्यात तो पालथ्या खापरावर. त्यांना बावन्न वर्षं झाली होती आणि त्यांचा मांडा चुलीत गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"घाम उना व हातले," त्या हसून म्हणाल्या आणि दुसरा उंडा घेतला. तोही निसटला. तिसऱ्याला शेजारच्या लताबाईंनी खालून हात लावला. मग सुंदरबाई उठल्या आणि त्यांच्या जागी लताबाई बसल्या.

त्यांची मुलगी हेमांगी हे सगळं मांडवाच्या खांबापाशी उभी राहून पाहत होती. ती धुळ्याला फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना हात आणि कोपराखालचा भाग हाच तिचा विषय. हात उताणा असला की कोपराखालची दोन हाडं शेजारी शेजारी असतात, पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावर आडवं येतं, हे तिला पुस्तकाच्या आधी आईला मांडे करताना पाहून कळलं होतं. आज आईचा हात फिरत होता नेहमीसारखाच. पण धरत नव्हता.

दुपारी घरी आल्यावर तिने आईला ओट्यावर उजेडात बसवलं.

"माय, हात दखाड बरं."

"काब्रं? काय व्हयनं?"

"तू दखाड तर."

सुंदरबाईंनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये जिथे मांसाचा फुगवटा असतो, तिथे खळगा पडला होता. पिकल्या लिंबाएवढं काही आतून काढून घ्यावं तसा. हेमांगीने ताटावरची लग्नपत्रिका उचलली, आईच्या अंगठ्यात आणि बोटाच्या कडेत धरायला दिली आणि हलकेच ओढली. अंगठ्याचं टोक वाकलं आणि पत्रिका सहज निघून आली.

कोपरापाशी शीर दबली असेल, हेमांगीला वाटलं. आई परातीत कणीक मळताना कोपर टेकते. तसं असेल तर करंगळी बधिर असायला हवी. तिने देवघरातून कापसाची वात आणली आणि आईला डोळे मिटायला सांगून एकेका बोटावरून फिरवली.

"लागस का?"

"लागस."

"आते?"

"लागस व. बठ्ठं लागस. गुदगुल्या कसाले करी ऱ्हायनी?"

एकही बोट बधिर नव्हतं. हेमांगीने हात उताणा केला. करंगळीच्या बाजूचं मांस जसंच्या तसं, भरलेलं होतं. करंगळीकडचे स्नायू आणि अंगठ्याजवळच्या त्या खळग्यातला स्नायू, दोन्ही एकाच शिरेवर चालतात. शीर दबली असती तर दोन्ही सुकले असते. असा अर्धाच हात सुकण्याची कारणं थोडी होती, आणि त्यातलं सगळ्यात वाईट कारण, स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशीच एकेक करून मरत जाणं, ती दरवर्षी फळ्यावर लिहायची.

तेवढ्यात तिला ते दिसलं. आईचा हात मांडीवर निवांत पडला होता, पण कोपराखाली कातडीच्या आत काहीतरी थरथरत होतं. क्षणभर इथे, मग दोन बोटं पलीकडे. गढूळ पाण्याखाली मासोळ्या फिराव्यात तसं.

"हाई कधीपाईन शे?"

"व्हयनात दोन महिना. दुखत नही ना, म्हनीसन काही सांगं नही." सुंदरबाई स्वतःच्याच हाताकडे कौतुकाने पाहत होत्या. "आपोआप नाचस."

आता आईला तोंड उघडायला सांगायचं आणि जीभही अशीच थरथरते का ते पाहायचं, कारण तसं असेल तर पुढे गिळणंही जातं, हे हेमांगीला माहीत होतं. तिने सांगितलं नाही. वात मुठीत चुरगळत ती म्हणाली, "शिरेवर थोडा दाब आला असावा. आपण धुळ्याला एक तपासणी करून घेऊ. काळजीचं कारण नाही."

सुंदरबाईंचं हसू गेलं. "तू पुस्तकनी भाषा बोलाले लागनी का माले भ्याव वाटस, पोरी."

चार दिवसांनी हेमांगी आणि तिचे वडील भाईदास त्यांना धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी कोपराखाली बारीक सुई टोचली आणि मशीन चालू केलं. स्नायू निवांत असला की मशीनही गप्प असायला हवं. पण लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज खोलीभर झाला. डॉक्टरांनी डाव्या हाताला सुई लावली. तोच आवाज. भाईदासांना काही कळत नव्हतं, ते मशीनकडे मान डोलावत पाहत होते. मग डॉक्टरांनी सुई मांडीत घातली. पायाची तर सुंदरबाईंची कधी तक्रारच नव्हती.

मांडीतूनही लाह्या फुटू लागल्या.

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. "जीभ बाहेर नको. आतच राहू द्या, सैल." त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिलं. हेमांगी खिडकीबाहेर पाहत राहिली.

बसस्टँडवर भाईदास गाडीची चौकशी करायला गेले, तेव्हा सुंदरबाईंनी बाकावर हेमांगीच्या हातावर हात ठेवला.

"आते साचं सांग. मना हातमा ताकद परत येई का?"

"नही, माय."

"नि डावा हात?"

"तो बी जाई."

"मंग पाय?"

समोर चाळीसगावची गाडी लागली, माणसं धावली, कंडक्टर ओरडला. गाडी निघून गेल्यावर सुंदरबाईंनी आपला हात काढून घेतला.

"इतला वरीस तू हातच शिकनी ना? मंग मना हातनं कसं काही करता येत नही तुले?"

त्या रागाने बोलल्या होत्या. आयुष्यात लेकीवर त्या क्वचितच रागावल्या असतील. हेमांगी रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिचे डोळे पुसायला पदर उचलला, पण बोटांतून तो सुटला. दुसऱ्यांदा उचलला, पुन्हा सुटला. मग त्यांनी मनगटाने तिचे गाल पुसले.

पावसाळाभर गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी आजार थोडा सावकाश चालेल, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेमांगीने हाताच्या आकाराची पट्टी बनवून आणली. ती बांधली की बोटं वाकडी होत नसत. पोळ्याला सुंदरबाई लताबाईंच्या चुलीजवळ पाटावर बसल्या आणि तोंडाने सांगत राहिल्या, "कोपर वर धर. आते फिराव. घाई करू नको." लताबाईंचे मांडे चांगले झाले. सुंदरबाईंनी लेकीच्या हाताने एक घास खाल्ला आणि चांगले झालेत असं मोकळेपणाने सांगितलं.

दसऱ्यापर्यंत डाव्या हाताचा अंगठाही गेला. हेमांगी दर शनिवारी दुपारच्या गाडीने येऊ लागली. आईचे केस विंचरायची, ब्लाउजची बटणं लावायची, चहा बशीत ओतून पाजायची. दोघी गावातल्या गोष्टी बोलायच्या. आजाराबद्दल सुंदरबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही.

कार्तिकातल्या एका शनिवारी चहाचा दुसरा घोट घेताना सुंदरबाईंना ठसका लागला. साधाच ठसका. हेमांगीने पाठीवरून हात फिरवला, थोडा वेळ जाऊ दिला आणि बशी पुन्हा ओठांना लावली. पुन्हा ठसका लागला, या वेळी चहा नाकावाटे आला.

"चहा गरम व्हता," सुंदरबाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित नाकातून येत होता.

हेमांगीने बशीला बोट लावून पाहिलं. चहा कोमट झाला होता.

"हा, गरमच व्हता, माय," ती म्हणाली, आणि बशी खाली ठेवून चमचा आणायला आत गेली.