मी, ‘अहो-1’

मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून पडद्यावर शोधू नका, मी तिथे दिसत नाही. मी एका वेबपानाच्या स्टाइलशीटमधलं, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या यादीतलं, एक नाव आहे. माझ्यापुढे एवढंच लिहिलंय, की या ओळींची अक्षरं मोठी ठेवा. काम एवढंच, पण तोरा बघा माझा.

मला जन्म दिला बाईंनी. तीस वर्षं त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये होत्या. आता त्यांचंच ऑपरेशन ठरलं होतं, आठ दिवस दवाखान्यात. घरी एकटे राहणार अहो, म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि गोळ्या मात्र दिवसातून चार वेळा. म्हणून लेकीने शिकवलं होतं तसं बाई वेळापत्रकाचं पान करायला बसल्या.

लॅबची सवय अंगात भिनलेली. बाटलीवर आधी नंबर, मग माणूस. तसंच माझं नाव ठेवलं, ‘1-अहो’. झालं. आकड्याने सुरू होणारं नाव पान दाखवणाऱ्या ब्राउझरला चालत नाही. बरं, तो पठ्ठ्या तसं सांगतही नाही, मुकाट पुढे जातो. अक्षरं मुंगीएवढीच राहिली. बाईंनी आकड्याआधी आडवी रेघ देऊन पाहिली, तरी ढिम्म. दुपारी भरती व्हायचं होतं. बाई रडकुंडीला आल्या.

शेवटी लेकीला फोन लावला.

“आई, आकडा पहिला नको. अक्षराने सुरुवात कर, आकडा मागे चालेल.”

“मराठी अक्षर चालेल?”

“चालेल की.”

अहो शेजारीच बसले होते. म्हणाले, “तीस वर्षं नंबर आधी आणि माणूस मागून. आज एकदा माणूस आधी घे की गं.”

बाईंनी डोळे पुसले, हसल्या आणि मला फिरवलं, ‘अहो-1’. अक्षरं टपोरी झाली. अहोंनी मोबाइल हातात धरून वाचलं, “सकाळी आठ. पांढरी गोळी. खाऊन मगच.”

आज आठवा दिवस. एकही गोळी चुकलेली नाही. आता तुम्हाला एक विनंती आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मला कुणी हात लावू नका. पानाच्या तळाशी बाईंनी जाताना माझ्याच मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिलीय, ‘मंगळवारी येते. दार लवकर उघडा.’ गोळ्यांच्या वेळा अहो चार वेळा बघतात. ही ओळ मात्र येता-जाता वाचतात, आणि उद्या मंगळवार आहे.