अमावास्येचं पाणी

माझ्या लेकीला, दिपाला, पहिली आकडी आली तेव्हा ती दीड वर्षाची होती. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा ताप चढला तर क्षणभर थांबू नका. तेव्हापासून माहेरून आलेली माझी मोपेड मी औषधासारखी जपली. दसरा झाल्यावर दिपाचे बाबा प्रेमदास ऊसतोडीची टोळी घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्याकडून टाकी काठोकाठ भरून घेतली. तांड्यापासून दवाखाना सहा किलोमीटर. पेट्रोल संपायला नको म्हणून एरवी मी गाडी काढतच नव्हते.

फेब्रुवारीत भर दुपारी दिपाचे डोळे फिरले. सासूबाई, म्हणजे आमची याडी, लेकरू पोटाशी धरून मागं बसली. मी पायडल मारत राहिले. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. शेवटी रस्त्यावर धावत जाऊन हळदीचा टेम्पो अडवला. अर्धा तास त्यातच गेला.

लेकरू वाचलं. डॉक्टर म्हणाले, "एवढा उशीर? शिकलेल्या ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक संतरामनं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. वर पिवळसर, खाली गढूळ. मधे स्वच्छ रेघ.

"पाणी गेलंय वहिनी. धुतली का?"

"न्हाई."

याडी हळूच म्हणाली, "म्या दर अमावास्येला नारळ फोडून गाडीवर तांब्याभर पाणी घालते. लेकराच्या दवाखान्याची गाडी हाय, नजर लागाया नगं."

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं, पाणी तिथूनच झिरपलं होतं. संतराम हसला. "घ्या! बायकांच्या हाती गाडी दिली की देवपूजाच व्हणार."

"आणि मागच्या वर्षी? तेव्हाही याडी पाणी घालतच होती. तेव्हा काहून चालू झाली?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "तवा पाणी थेंबभर तळाला राहायचं. आता पेट्रोलात उसाचं स्पिरिट मिसळून राहिलेत. पाणी त्याला धरून खाली बसतं, तेच इंजिनात जातं. उभ्या गाड्यांचं असंच व्हतंय."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. हे मला कुणी एका वाक्यात सांगितलं असतं, तर बाकीचं मी स्वतः ओळखलं असतं!

बाटली घेऊन पंपावर गेले. मागं याडी, कडेवर दिपा. नळीवाला म्हणाला, "वरूनच मिसळून येतंय बाई. सगळ्यायलाच देतो."

"मग सांगत काहून न्हाई?"

"कुणी इचारतच न्हाई."

"माझा नवरा तिकडं ऊस तोडतोय. त्याच उसाचं स्पिरिट तुम्ही माझ्या टाकीत घालता, आणि मलाच सांगत नाही?"

मागं गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. मी हलले नाही. मालक बाहेर आला, "ताई, तमाशा करू नका."

"खडू द्या."

त्यानं दिला. पंपाच्या खांबावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: यात उसाचं स्पिरिट आहे. टाकीत पाणी जाऊ देऊ नका. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

याडीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. तशी ती नळीवाल्याकडं वळून ओरडली, "म्या चार महिने तांब्या ओतला रं! तोंड व्हतं ना तुला?"