टर्बोचं मिनिट

फटफटी हे नाव तिला बापानेच ठेवलं होतं आणि ते अगदी चपखल बसलं होतं. पोरगी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नसे. बाप मात्र कायम तोंडात मिठाची गुळणी धरलेला. भाड्याची गाडी चालवायची, प्रवाशांना सुखरूप पोचवायचं, घरी येऊन जेवायचं आणि आडवं व्हायचं. "यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान मध्येच घोरत नाही," असं आई म्हणायची.

पण एक जागा अशी होती जिथे हा माणूस बोलायचा. त्यांचं घर सगळ्यात वरच्या गल्लीत. चढ असा, की भल्याभल्या गाड्यांच्या नाकी नऊ यावेत. वर पोचून अंगणात गाडी उभी केली की तो इंजिन लगेच बंद करत नसे. मिनिटभर तसंच चालू ठेवून बसायचा. शाळेतून त्याच्याच गाडीने येणारी फटफटी शेजारच्या सीटवर चुळबुळत असायची.

"बंद का नाही करत?" तिने एकदा विचारलं.

"टर्बो तापलाय. त्याला जरा दम खाऊ दे."

"टर्बो म्हणजे?"

आणि काय आश्चर्य, गुळणी सुटली. "हे बघ, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत हवा इतकी दाबतात, की ती दाबूनच तापते. मग डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. हवा जितकी जास्त, तितकं डिझेल नीट जळतं, ताकद वाढते. पण जास्तीची हवा आणायची कुठून? म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक भिंगरी बसवलीय. धूर जाता जाता ती फिरवतो. तिच्याच दांड्यावर दुसरी भिंगरी असते, ती बाहेरची हवा आत कोंबते."

"म्हणजे आपल्या मामासारखं! निघताना आई त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी देते, तसं."

बाप इतका मोठ्याने हसला, की काय झालं म्हणून आई दारात आली.

"आणि चढ चढून आलं की ती भिंगरी लालबुंद होते," तो डोळे पुसत म्हणाला. "लगेच बंद केलं तर तिचं तेल थांबतं, जागच्या जागी करपतं. म्हणून थांबायचं."

तेव्हापासून ते मिनिट फटफटीचं झालं. गणितात नापास झाल्याचं तिने तिथेच सांगितलं. "बरं. पुन्हा बस परीक्षेला," एवढंच तो म्हणाला. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर अपमान केला तेही तिथेच, आणि पुढे चष्म्याच्या दुकानातल्या एका मुलाशी लग्न करायचंय हेही तिथेच. त्या दिवशी मिनिट बरंच लांबलं. शेवटी तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तू फक्त गप्प बसायचं बघ." हे दुसरं काम जास्त अवघड होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मधल्या काळात जुनी गाडी गेली, नवी आली. नवीत डिझेलचा फवारा संगणक मोजून सोडतो. धुरातली काजळी गाळणीत अडते आणि गाडी मोठ्या रस्त्यावर पळाली की तिथेच जळून जाते. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे थांबले, तशी ती बाई हसून बोलायलाही लागली. टाकी जास्त लांब पुरू लागली. माणसं आणि सामान खच्चून भरलं तरी गाडी चढावर कुरकुर करत नव्हती. अंगणातलं मिनिट मात्र तसंच राहिलं.

आज गाडी फटफटी चालवत होती. बापाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून तो शेजारी डोळे मिटून बसला होता. तपासणीनंतर डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं. दृष्टीचा मधलाच भाग गेलाय, तो परत येणार नाही, यापुढे गाडी चालवणं बंद. "मी सांगू, की तुम्ही सांगता?" असं त्यांनी विचारलं आणि हिने शहाणपणा करून "मी सांगते" म्हटलं. आता घर जवळ आलं तरी तिने ते सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी त्याचं भाडं ठरलेलं होतं. एक म्हातारं जोडपं, त्याच्या भरवशावर घाट उतरणार होतं.

चढ लागला. तिचा हात गिअरकडे गेला.

"राहू दे," तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "ऐक. भरतेय हवा. ओढेल ती."

गाडीने खरंच ओढलं. अंगणात आल्यावर तिने सवयीने इंजिन चालूच ठेवलं. दोघं बसून राहिले.

"आज फटफटी बंद का?" त्याने विचारलं.

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "बाबा, डोळे सुधारणार नाहीत. तुम्ही आता गाडी चालवायची नाही. उद्यापासूनच."

त्याने डोळे उघडले. मग त्याने डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला.

"खूप ओढलं हिने," तो म्हणाला. "आपलं घर ओढलं. हिचे उपकार आहेत माझ्यावर." मग म्हणाला, "बंद कर आता."

"अजून मिनिट झालं नाही."

"हिला लागत नाही. बंद केल्यावरही हिचा पंप पाणी फिरवत राहतो, टर्बो आपोआप गार होतो. घेतली तेव्हाच सांगितलं होतं मला."

"मग इतकी वर्षं का थांबत होतात?"

"दार उघडलं की तू धूम ठोकायचीस," तो म्हणाला. "आणि मला आत जाऊन बोलता येत नाही."

फटफटीच्या डोळ्यांना धार लागली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि कसंबसं म्हणाली, "फार बरं केलंत, बाबा. फार बरं केलंत."

"उद्याच्या म्हाताऱ्यांना तू सोड," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."

तिने मान हलवली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखाली पंप बारीक घूं घूं करत होता. आई दारात येऊन दोघांना बघून गेली. पंप थांबला तरी कुणी उतरलं नाही.