अकोल्याच्या गोदामातल्या देशपांडे काकू

मोबाइलवरून मसाला मागवते सून आणि दार उघडते सासू, ही गोष्ट भावना खंडारेला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळून चुकली होती. चांदूर रेल्वेला तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची सासू गोदाबाई आणि वस्तीतल्या सहा बाया काळा मसाला भाजायच्या, मूगवड्या घालायच्या. खरेदीच्या एका ॲपवर भावनाने 'रमाई मसाले' नावाचं दुकान थाटलं होतं. ऑर्डरी पुण्या-मुंबईहून यायच्या, पण दहा पार्सलं गेली की तीन-चार दारातूनच माघारी फिरायची. कुरिअरच्या यादीत कारण एकच: 'ग्राहकाने घेण्यास नकार दिला.' पैसे दारातच द्यायचे म्हटल्यावर नकार द्यायला काय जातं! आणि परतीचा माल वाढला की ॲपवाले सरळ दुकानाला टाळं लावतात. भावनाला तशी ताकीद एकदा मिळालीही होती.

पाठवणीचं काम तिने अकोल्याच्या विपुलकडे सोपवलं होतं. महिन्यातून दोनदा माल त्याच्या एमआयडीसीतल्या गोदामात जायचा. खोकी भरणं, पत्ते चिकटवणं, कुरिअरच्या गाडीत चढवणं, सगळं त्याचं. माणूस कामाला चोख. आणि गेल्या तीन महिन्यांत तर नवलच घडलं. परतीची पार्सलं दहात एकावर आली. भावनाला वाटलं, नव्या बरणीचा गुण. गोदाबाईंना वाटलं, यंदाच्या धने-जिऱ्याचा. बायांना पेढे वाटून झाले. विपुल फोनवर म्हणाला, "ताई, तुमी टेन्शनच घेऊ नका, मी सेट करून टाकलं सगळं." काय सेट केलं, हे विचारायचं भावनाला सुचलं नाही. बरं चाललेलं असताना कोण उकरत बसतं?

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तिची शाळेतली मैत्रीण रागिणी हिने पुण्याहून फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "काय गं, देशपांडे कधी झालीस?" फोटोत भावनाचीच बरणी होती. 'रमाई'च्या निळ्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली. तिच्यावर नथ घातलेली एक हसरी बाई आणि अक्षरं: 'देशपांडे काकूंचा घरगुती मसाला.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भावना अकोल्याला पोचली. गोदामात दिवाळीची दोनशे खोकी भिंतीला लागून रचलेली, आणि एकूणएक खोक्यावर ती नथवाली हसत होती.

"ह्या काकू कोन?" तिने विचारलं.

विपुल खुर्चीवरून उठला. "कोनीच नाई ताई. कंप्युटरातून काढली."

"मंग माह्या बरणीवर काय करून राहिली ते?"

"बसा ना. पानी घ्या." त्याने लपवाछपवी केली नाही, एवढं त्याच्या पदरात घालायलाच हवं. स्क्रीन तिच्याकडे फिरवून तो म्हणाला, "हे पाहा. तुमच्या नावानं गेले, तं शंभरात छत्तीस वापस. हे काकूच्या नावानं, शंभरात नऊ. मसाला तोच, खोकं तेच. मले जातीपातीचं काई नाई ताई, मी सोता तुमच्या मूगवड्या खातो. पन लोकायले कोन समजावन? तुमचं दुकान वाचवलं मी."

खोटं बोलला असता तर भावनाला सोपं गेलं असतं. पण आकडे खरे होते. छत्तीस आणि नऊ यांच्या मधले ते सत्तावीस कोण, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मापासून ओळखत होती ती त्यांना. विपुलचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण याच सत्तावीस जणांच्या जिवावर आपण पेढे वाटले होते.

"मले विचारलं कावून नाई?"

"तुमी नाई म्हनल्या असत्या."

"माहीत होतं ना? मंग?"

विपुल चिडला. "चार वाजता गाडी येते. हे दोनशे तुमच्या नावानं गेले, तं सत्तर वापस येतीन. ॲपवाले दुकान बंद करतीन. सहा बायायच्या हातचं काम जाईन. आ बैल मुझे मार कावून करता?"

सहा बायांचं नाव निघालं तसा भावनाने मोबाइल बाहेर काढला. नाव आपलं, हट्ट आपला, पण चूल त्यांची. तिने गोदाबाईंना फोन लावला आणि होतं ते सगळं सांगितलं.

"थांब, बाया इथंच हायेत, विचारतो त्यायले," गोदाबाई म्हणाल्या. बराच वेळ गलका ऐकू आला. मग त्या पुन्हा बोलल्या. "शालू म्हनते, काम गेलं तं कापूस वेचाले जाऊ. पन आमी धुरात डोये फोडाचे अन नाव त्या नथवालीचं, हे चालाचं नाई. बाकीच्याही तेच म्हनून राहिल्या. अन माहं इचारशील तं, माह्या हातचं गोड लागते त्यायले, अन नाव कडू?"

भावनाने फोन ठेवला. "चिठ्ठ्या काढा."

"ताई, ऐका..."

"नाईतं माल उचलून नेतो."

पॅकिंग करणाऱ्या केशरबाईने मालकाच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पहिलं खोकं उघडून वरची आणि आतल्या बरणीवरची नथवाली नखाने सोलून काढली आणि दुसरं खोकं ओढलं. चार वाजता दोनशे खोकी गाडीत चढली. प्रत्येकावर 'रमाई मसाले', आणि खाली ठळक अक्षरात पाठवणाऱ्यांची नावं: भावना आणि गोदाबाई खंडारे, चांदूर रेल्वे.

विपुलने हात जोडले. "झालं समाधान?"

"नाई."

तीन महिन्यांत काकूंचा मसाला घरात घेतलेल्या सहाशे बारा जणांचे नंबर तिच्या मोबाइलमध्ये होते. तिथेच एका खोक्यावर बसून ती लिहू लागली. विपुल मागून वाचत होता. "ताई, हे तरी नका पाठवू. ते लोक खाऊन मोकये झाले."

"म्हनूनच पाठवतो."

तिने लिहिलं: 'जय भीम. आपण घेतलेला देशपांडे काकूंचा मसाला देशपांडे काकूंनी केलेला नाही. अशा कोणी काकू नाहीत. तो चांदूर रेल्वेच्या बौद्ध वस्तीत गोदाबाई खंडारे आणि सहा बायांनी भाजला आहे. खोटं नाव आपल्या घरी आलं, त्याबद्दल माफ करा. ज्यांना परत करायचा असेल त्यांनी जरूर करावा, बरणी अर्धी असली तरी घेऊ.' एवढं लिहून ती थांबली. मग आणखी एक ओळ घालून तिने तो निरोप सहाशे बारा घरांना धाडून दिला.

'पोटात गेलेल्याचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही पाहा.'